काहीही न करणे, यशस्वीपणे

बॅकअप साठवणाऱ्या खोक्याच्या पडद्यावर कधी ना कधी एक निरोप येतो. व्हॉल्यूमच्या फाइल सिस्टिममध्ये विसंगती आढळली आहे, तपासणी व दुरुस्ती करावी, त्या काळात डेटा उपलब्ध राहणार नाही. खाली दोन बटणं: 'आत्ता' आणि 'नंतर'. 'आत्ता' दाबणारा माणूस जगात नसेलच असं नाही, पण तो नोकरीवर नवीन असणार. बाकी सगळे 'नंतर' दाबतात, कारण आज वीस तारीख आहे आणि जीएसटीचं रिटर्न जायचंय. एकविसाला दाबत नाहीत, कारण काल वीस तारीख होती. बाविसाला वेळ असतो, पण तोवर त्या निरोपाची नजरेला इतकी सवय झालेली असते की तो दिसेनासाच होतो. निरोपाच्या जोडीला खोक्यात एक भोंगा असतो. हा भोंगा बंद कसा करायचा हे ऑफिसात चहा आणणाऱ्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. तो का वाजतो हे मालकालाही ठाऊक नसतं. यावरून माणूस मुळात आळशी, असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. जो माणूस खोकं आणतो, त्यात घालायच्या डिस्क वेगळ्या आणतो, वर यूपीएस घेतो, त्याला आळशी कसं म्हणायचं? त्याचं तर्कशास्त्र आपण समजून घेत नाही, एवढंच. हे खोकं घेतलं जातं ते पुन्हा त्याच्याकडे बघायची वेळ येऊ नये म्हणून. पावतीवर टेराबाइट लिहिलेले असले तरी पैसे मोजलेले असतात निर्धास्तपणाचे, आणि तपासणी नेमकी त्या निर्धास्तपणाच्या मुळावर येते. तपासलं की काहीतरी निघतंच. न तपासलेल्या बॅकअपमध्ये आजवर एकही दोष सापडलेला नाही.

या तर्कशास्त्राचा पुरावा हवा असेल तर खोकं कुठे ठेवलंय ते पाहावं. सीएच्या ऑफिसात ते गोदरेजच्या कपाटावर, जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यामागे असतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या स्टुडिओत ते छत्र्या आणि स्टँडच्या अडगळीत असतं, सोसायटीच्या ऑफिसात कॅरमबोर्डाच्या मागे. आजूबाजूला हवा खेळती ठेवा असं माहितीपत्रकात छापलेलं असतं; त्या सूचनेचा मान राखून त्याच्या डोक्यावर एकच रजिस्टर ठेवलेलं असतं. समोर हिरवा दिवा लुकलुकतो आणि सगळ्यांची श्रद्धा त्या दिव्यावर. 'बॅकअप आहे ना?' 'आहे की, रोज रात्री दोनला होतो.' 'कधी उघडून पाहिलाय?' 'उघडायचा कशाला? बॅकअप आहे तो!' दिव्याचा अर्थ एवढाच की डिस्क फिरताहेत. त्यांच्यावर काय लिहिलंय याच्याशी दिव्याला कर्तव्य नसतं. वर्षातून दोनदा एएमसीवाला येतो, खोक्याला हात लावून 'गरम होत नाहीये' असा निर्वाळा देतो, कागदावर सही घेतो आणि जातो. सरकारनंही आपला वाटा उचललाय. कंपन्यांच्या संगणकावरच्या हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा, अशी दुरुस्ती 2022 साली कंपनी लेखा नियमांत झाली. ते हिशेब केव्हाही पाहता आणि वापरता यावेत, असंही त्याच नियमांत म्हटलंय. पण वाचणारा 'रोज' या शब्दाशी पोचला की दमतो. रोज घ्या म्हणता, रोज घेतो. उघडून बघायचं कुठे बोलणं झालं होतं?

आता ही तपासणी म्हणजे असतं तरी काय? या खोक्यांना नॅस म्हणतात. बहुतेकांच्या पोटात लिनक्स असतं आणि तिथे हे काम एफएससीके नावाचा प्रोग्राम करतो. मूळ प्रोग्राम 1970च्या दशकात बेल लॅब्जमध्ये टेड कोवाल्स्की यांनी युनिक्ससाठी लिहिला. त्याआधी याच कामाला आयचेक, डीचेक आणि एनचेक असे वेगवेगळे प्रोग्राम होते, आणि कुठल्या दुखण्याला कुठला लावायचा हे कळण्यासाठी एक जाणता माणूस जवळ बाळगावा लागे. लिनक्सवर ईएक्सटी घराण्याच्या फाइल सिस्टिमसाठी जो प्रोग्राम आहे तो पाच फेरे घालतो. पहिल्यात आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलचं खातं, तपासतो; दुसऱ्यात फोल्डरांची रचना; तिसऱ्यात प्रत्येक फोल्डर मुळाशी जोडलेलं आहे का ते; चौथ्यात एकेका फाइलला किती नावं आहेत याची मोजदाद; पाचव्यात मोकळ्या जागेचा हिशेब. एवढं सगळं झाल्यावर फाइल बिघडलेली राहीलच कशी, असं वाटतं. इथेच सगळे फसतात. सातबाऱ्याशी ज्यांचा संबंध आलाय त्यांना हा प्रोग्राम लगेच कळेल. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाची आणि किती. नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक काय. एफएससीके सात फार बारकाईनं तपासतो. बारा त्याच्या दप्तरातच नाही. अमुक फाइल अमुक ब्लॉकांवर बसलीय, तिचं क्षेत्र एवढं, तिच्यावर इतक्या नावांचा हक्क, हे जुळलं की त्याच्या लेखी गाव आबादीआबाद. त्या ब्लॉकांवर ताळेबंद उभा आहे की नुसती शून्यं माजलीत, हे तो बांधावरून वाकूनही पाहत नाही.

त्याचे निरोपही त्याच दप्तराला शोभणारे असतात. एक निरोप असा: पुसलेल्या आयनोडला पुसल्याची तारीख नाही. म्हणजे खातेदार वारला हे सर्वांना मान्य, पण कधी वारला याची नोंद नाही. तेव्हा आधी तारीख पडू द्या, मग तो रीतसर वारला असं धरू. दुसरा निरोप: एकच ब्लॉक दोन फायली आपला म्हणताहेत. खऱ्या तलाठ्यानं अशा वेळी दोन्ही पक्षांना हेलपाटे घालायला लावले असते. हा प्रोग्राम फक्त विचारतो, 'नक्कल काढू?' हो म्हटलं की त्या ब्लॉकच्या प्रती करून दोघांनाही एकेक देतो. तंटा मिटला. ब्लॉक मुळात एकाचाच होता, त्यामुळे दुसऱ्याच्या फाइलमध्ये आता भलत्याचंच पीक डोलतंय, पण भांडण नाही, आणि नोंदी चोख. तिसरा प्रकार पोरक्या फायलींचा. त्या शाबूत असतात, पण ज्या फोल्डरात होत्या ते फोल्डरच गेल्यामुळे त्यांचं नाव-गाव हरवलेलं असतं. त्यांना 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या फोल्डरात नेऊन बसवतात आणि नावाच्या जागी आयनोडचा क्रमांक लावतात. फोटोग्राफरला दुरुस्तीनंतर नुसत्या क्रमांकांच्या काही हजार फायली मिळतात. प्रत्येकीत कुणाचं तरी लग्न आहे. कुणाचं, ते उघडून ओळखायचं. आणि मुंडावळ्या बांधलेले नवरदेव ओळखणं त्यांच्या सासुरवाडीलाही जड जातं. खोक्यातल्या घड्याळाची बटणाएवढी बॅटरी संपली असेल तर आणखी मजा. वीज जाऊन आली की खोकं 1 जानेवारी 1970 रोजी जागं होऊ शकतं, आणि मग तपासणीत तक्रार निघते की या व्हॉल्यूमवरचं शेवटचं लिखाण भविष्यकाळात झालेलं आहे.

खरी करमणूक प्रश्नोत्तरांत असते. प्रत्येक विसंगतीपाशी प्रोग्राम थांबून विचारतो, 'दुरुस्त करू?' पहिल्या प्रश्नाला माणूस खुर्ची पुढे ओढतो, चष्मा पुसतो, आयनोडचा क्रमांक कागदावर टिपून घेतो. पाचव्याला नुसती मान डोलावतो. शंभराव्याला एक बोट वाय या कळीवर ठेवून दुसऱ्या हातानं चहा पितो. नाही म्हणायला त्याच्याकडे काही आधारच नसतो. ज्यानं विचारलं त्याला सगळं माहीत, ज्याला विचारलं त्याला काहीच नाही, आणि जबाबदारी दुसऱ्याची. बँकेत, इस्पितळात, विम्याच्या कचेरीत, पेन्सिलीनं फुली मारून दिलेल्या जागी आपण सगळे हेच करत आलोय, त्यामुळे सराव चांगला असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी माणूस ओळखला आणि सोय करून दिली: ए दाबा, यापुढच्या सगळ्याला हो. कमांडमध्येच उणे वाय लावलं तर पहिलाही प्रश्न येत नाही. एकाच ठिकाणी हा सौम्य प्रोग्राम आवाज चढवतो. फाइल सिस्टिम वापरात असताना तपासणी सुरू केली तर मोठ्या अक्षरांत, उद्गारचिन्हं आणि तारका उधळून तो बजावतो की पुढे गेलात तर जबर नुकसान होणारच. आणि लगेच विचारतो, 'खरंच पुढे जायचंय?' इथेही हो म्हणणारे आहेत. त्यांचं म्हणणं, ऑफिस चालू आहे, सगळे कामात आहेत, मधेच बंद कसं करणार? सगळं संपल्यावर प्रोग्राम एक ओळ छापतो: फाइल सिस्टिममध्ये बदल करण्यात आला आहे. बदल बरा की वाईट, यावर तो बोलत नाही. जाता जाता एक आकडा मात्र मागे ठेवून जातो. शून्य म्हणजे सगळं ठीक. एक म्हणजे चुका होत्या, दुरुस्त केल्या. चार म्हणजे चुका तशाच राहिल्या. आठ म्हणजे प्रोग्रामलाच काम जमलं नाही. आणि एकाहून जास्त गोष्टी घडल्या असतील तर त्यांची बेरीज. म्हणजे सगळ्यात चांगला निकाल भोपळा. आपल्याकडच्या शिक्षणपद्धतीत वाढलेल्या माणसाला बारा मिळाले तर तो पेढे वाटेल.

इथवर आल्यावर जाणकार मंडळी हसतात. 'कुठल्या जमान्यात आहात? आता जर्नल असतं.' हा आक्षेप वजनदार आहे, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. 2001 साली लिनक्समध्ये ईएक्सटी3 आली, तिनं ईएक्सटी घराण्यात डिस्कवर बदल करण्याआधी तो एका वहीत टिपायची पद्धत आणली. वीज गेली तरी परत आल्यावर वही वाचून अर्धवट राहिलेलं काम मार्गी लावता येतं, अख्खी डिस्क धुंडाळावी लागत नाही. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, ठराविक वेळा डिस्क जोडली गेली किंवा 180 दिवस उलटले की सक्तीची तपासणी व्हायची, आणि ती हटकून साहेबांनी पाहुण्यांसमोर मशीन सुरू केलं की व्हायची. लोकांनी एवढ्या शिव्या घातल्या की पुढे ही सक्ती नेहमीच्या मांडणीतून काढून टाकण्यात आली. तेव्हा आक्षेप अर्धा खरा. उरलेला अर्धा असा की त्या वहीत सहसा सातच्याच नोंदी असतात, बाराच्या नसतात. शिवाय डिस्कच सडू लागली, रॅमनं एखादा बिट उलटा केला, केबल सैल झाली, तर ती वहीसुद्धा त्याच डिस्कवर असते.

एक्सएफएसवाल्यांनी तर या बाबतीत कमाल केली आहे. ही सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनं 1990च्या दशकात आणलेली फाइल सिस्टिम. पुष्कळ मोठे सर्व्हर आजही हिच्यावर चालतात. सुरू होताना लिनक्स प्रत्येक फाइल सिस्टिमच्या तपासनिसाला हाक मारतं. हिची वही डिस्क जोडतानाच वाचली जाते, म्हणून तपासनिसाला काम नाही; पण हाक तर येणार, म्हणून पद भरलेलं. अधिकृत मार्गदर्शिकेत या प्रोग्रामच्या कामाचं एका ओळीत वर्णन आहे: काहीही न करणे, यशस्वीपणे. खरी दुरुस्ती करणारा प्रोग्राम निराळा आहे, त्याला निराळं बोलवावं लागतं. या पदाची जाहिरात वर्तमानपत्रात निघाली असती तर अर्जांसाठी मंडप घालावा लागला असता. पण मला या ओळीबद्दल मनापासून आदर आहे. जगात होणाऱ्या बहुतेक तपासण्या हेच करतात, तसं लिहून देण्याचा सरळपणा मात्र फार थोडे प्रोग्राम दाखवतात. बीटीआरएफएस अगदी दुसऱ्या टोकाला. तिला दुरुस्ती करायला सांगितलं की ती आधी सांगते, एखाद्या अनुभवी माणसानं सल्ला दिला असेल तरच हे करा; आणि मग दहापासून उलटे आकडे मोजत बसते, तेवढ्यात कुणाला सुबुद्धी झालीच तर थांबता यावं म्हणून. झेडएफएसवाले कॉलर ताठ करून म्हणतात, 'आमच्याकडे एफएससीके नाहीच, आम्ही स्क्रब करतो.' प्रत्येक ब्लॉक वाचून त्याची चेकसम ताडून पाहणं, म्हणजे इथे बाराही तपासला जातो. मानलं. पण जे लिहिलं तेच आजही आहे, एवढीच ती ग्वाही. रॅन्समवेअरनं कुलूप ठोकलेली टॅलीची फाइल रात्री दोनला इमानेइतबारे बॅकअपमध्ये गेली असेल, तर स्क्रब तिलाही अव्वल दर्जाचं प्रमाणपत्र देईल.

दुसरा आक्षेप दोन शब्दांचा असतो: 'रेड आहे.' 1988 साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र बांधून एक भरवशाचं कोठार उभं करण्याचा हिशेब मांडला. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, यात खोट नाही. पण रेड डिस्कच्या मरणावरचा इलाज आहे, माणसाच्या बोटांवरचा नाही. 'अहो, चुकून डिलीट झालं!' 'घाबरू नका, दोन डिस्क आहेत.' 'मग दुसरीवर असेल?' 'नाही, तिच्यावरूनही लगेच डिलीट होतं. रेड आहे ना!' फाइल सिस्टिम बिघडली की तो बिघाडही रेड दोन्ही डिस्कवर सारख्याच निष्ठेनं लिहितो. विजेचं म्हणाल तर 12 ऑक्टोबर 2020च्या सकाळी ग्रिड कोसळून मुंबईसारख्या शहराची वीज गेली होती, बाकीच्यांनी काय बोलावं. अशा वेळी खोकं लिहिता लिहिता विझतं. 'पण यूपीएस होता ना?' होता. त्याच्यावर प्रिंटर आणि टेबलफॅन होता. खोकं भिंतीतल्या प्लगवर होतं, कारण यूपीएस कीं-कीं करतो म्हणून तो मागच्या खोलीत नेऊन ठेवलाय.

छोट्या ऑफिसांचे हे हाल असायचेच, मोठ्या ठिकाणी सगळं शिस्तीत असतं, असाही एक गोड समज आहे. 1998 साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी 2'चं काम चालू असताना कुणीतरी सगळं पुसून टाकणारी कमांड भलत्या जागी चालवली. पडद्यावर बघता बघता वूडीची टोपी गेली, बूट गेले, मग वूडीच गेला. बॅकअप होता, अर्थातच. तो किती तरी दिवस नीट होतच नव्हता, हे तो लागला तेव्हा कळलं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. घरी तान्हं बाळ, म्हणून घरून काम करता यावं यासाठी तिनं सगळ्याची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवलेली. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला. म्हणजे अख्ख्या स्टुडिओच्या बॅकअप व्यवस्थेपेक्षा एक बाळंतपण कामाला आलं. (पुढे कथाच पसंत पडेना, म्हणून वाचवलेल्या चित्रपटाचा मोठा भाग नव्यानं केला, ते वेगळं.) प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचा किस्सा तर पाठ्यपुस्तकात घालण्याजोगा आहे. 31 जानेवारी 2017च्या रात्री त्यांच्या एका दमलेल्या इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायच्या ऐवजी मुख्य सर्व्हरवरचा पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, थांबवलं. सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले. काही हरकत नाही, बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. रोजचा बॅकअप पाहिला, तर साठवणीच्या जागी शुकशुकाट: घेणारा प्रोग्राम 9.2 आवृत्तीचा आणि डेटाबेस 9.6चा, त्यामुळे तो रोज नापास होत होता. नापास झाल्याची ईमेल तो इमानानं पाठवत होता, पण त्या ईमेलवर आवश्यक ती सही नसल्यानं त्या पोचण्याआधीच नाकारल्या जात होत्या. डिस्कचे स्नॅपशॉट घेण्याची सोय होती, ती डेटाबेसच्या सर्व्हरना लावलेली नव्हती. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वीची एक प्रत, भलत्याच कामासाठी कुणीतरी हातानं घेतलेली. एक मात्र मानायला हवं, हे सगळं त्यांनी जगासमोर मांडलं, दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणसुद्धा केलं. आपल्याकडे 'सर्व्हर डाऊन आहे' यावर भागवलं असतं. क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021मध्ये तर बॅकअप घेणाऱ्या व्यवस्थेच्याच स्क्रिप्टमधल्या दोषानं 77 टेराबाइट, म्हणजे सुमारे 3 कोटी 40 लाख फायली, साफ केल्या. तिथे पहारेकऱ्यानंच घर धुऊन नेलं.

या सगळ्या घटनांत एक गोष्ट समान आहे. कुणाकडेही बॅकअप नव्हता असं नाही. दिवा सगळीकडे हिरवाच होता. न केलेली गोष्ट एकच, तपासणी, आणि ती न करण्याची कारणं मात्र दर वेळी भक्कम असतात. सगळ्यात भक्कम कारण वेळेचं, आणि ते खोटं नाही. तपासणीसाठी व्हॉल्यूम उतरवून ठेवावा लागतो, सगळे शेअर बंद, आणि किती तास हे खोकं सांगत नाही. टक्केवारी मात्र दाखवतं, आणि ती बराच काळ एकाच आकड्यावर समाधी लावते. बॅकअपच्या खोक्याला तर हा आजार जास्त. रोजच्या प्रती जागा वाचवण्यासाठी हार्ड लिंकनं ठेवल्या असतील तर एकेका फाइलला शेकडो नावं असतात. ती सगळी मोजायला रॅम लागते, आणि खोकं घेताना रॅमवर पैसे वाचवलेले असतात. मग प्रोग्रामला कच्च्या नोंदी डिस्कवर ठेवायला सांगावं लागतं, आणि तासांचे दिवस होतात. 'इतका वेळ बॅकअप बंद ठेवायचा? त्याच वेळात काही झालं तर?' प्रश्न बिनतोड आहे. फक्त तो विचारणारा माणूस गेले कित्येक महिने बिघडलेल्या बॅकअपच्या भरवशावर गाढ झोपत असतो. 'एवढा मोठा डेटा, त्याचा बॅकअप घेणंच शक्य नाही' असंही म्हणतात. दक्षिण कोरियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक कोठाराबद्दल हेच म्हटलं गेलं होतं. सप्टेंबर 2025मध्ये डेजॉनच्या डेटा सेंटरला आग लागली आणि 858 टेराबाइट गेले. यावर जागतिक पातळीवर एक उपाय निघालाय, जागतिक बॅकअप दिन. तो असतो 31 मार्चला. ज्या दिवशी भारतातल्या एकाही हिशेबनिसाला डोकं वर काढायची सोय नाही नेमका तो दिवस, आणि दुसऱ्या दिवशी एक एप्रिल.

तेव्हा माणसाचा स्वभाव बदला, असं सांगण्यात अर्थ नाही. निर्धास्तपणाचे पैसे दिलेत, तो उपभोगा. दुरुस्तीची वेळ आलीच तर दोन पथ्यं पाळा. आधी उणे एन लावून नुसतं पाहा. त्यात प्रोग्राम सगळ्याला स्वतःच नाही म्हणतो आणि डिस्कला हात न लावता काय काय बिघडलंय ते सांगतो. ती यादी लांबलचक निघाली, तर वाय किंवा ए दाबण्याआधी डिस्कची ब्लॉकन् ब्लॉक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या, कारण एकदा दिलेला होकार सहजासहजी मागे घेता येत नाही. एएमसीवाला 'काही गरज नाही' म्हणाला तर त्याच्या सहीच्या कागदावर तेवढं वाक्य त्याच्याकडून लिहून घ्या. बहुधा तो प्रत काढायला बसेल. आणि हे सगळं राहू द्या, जर्नल, स्क्रब, रेड यातलं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. आज ऑफिस बंद करण्याआधी त्या खोक्यातून कुठलीही एक फाइल परत काढा, दुसऱ्या संगणकावर न्या आणि उघडा. उघडली तर उत्तम. नाही उघडली, तर निदान मूळ फाइल जागेवर आहे तोवर कळलं.